पीसी गेमिंग संपत चाललंय का? कॉम्प्युटर की कन्सोल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दहावी-बारावीचे निकाल लागले की आणि दिवाळीचा बोनस झाला की माझा फोन वाजायला लागतो. मी दुकानदार नाही. वीसेक वर्षं नातेवाइकांचे, मित्रांचे आणि आता मित्रांच्या पोरांचे पीसी जुळवून देतोय, एवढंच. पूर्वी लोक विचारायचे, "कुठलं ग्राफिक्स कार्ड घेऊ?" हल्ली त्याआधी वेगळाच प्रश्न येतो: "पीसी घेण्यात अजून अर्थ आहे का? सगळे प्लेस्टेशनच घेतात म्हणे." (प्लेस्टेशन, एक्सबॉक्स अशी टीव्हीला जोडून गेम खेळायची यंत्रं म्हणजे कन्सोल.) दर वेळी तेच बोलून घसा बसतो, म्हणून एकदा लिहून काढलं.

थेट सांगा, पीसी गेमिंग संपतंय का?

नाही. स्टीम हे पीसी गेमचं सगळ्यात मोठं ऑनलाइन दुकान. तिथं एकाच वेळी हजर असलेल्यांची संख्या मार्च २०२० मध्ये पहिल्यांदा २ कोटींवर गेली आणि मार्च २०२५ मध्ये ४ कोटींवर. पाच वर्षांत दुप्पट. आजारी माणसाचं वजन असं वाढत नाही.

मात्र एक गोष्ट खरंच संपत आलीय: स्वस्तात पीसीवर गेम खेळणं. एकेकाळी घरातल्या अभ्यासाच्या कॉम्प्युटरमध्ये पाच-सहा हजारांचं कार्ड टाकलं की पोरगं तीन वर्षं खूश असायचं. ते दिवस गेले. पुढची सगळी उत्तरं फिरून फिरून याच मुद्द्यावर येतील, आधीच सांगतो.

मग "पीसी मेला" ही आवई उठली कुठून?

ही आवई जुनी आहे, आणि पहिल्यांदा ती उलट बाजूनं उठली होती. १९८३ मध्ये अमेरिकेत व्हिडिओ गेमचा बाजार कोसळला तेव्हा तिथले शहाणे म्हणत होते की कन्सोल संपले, आता लोक कमोडोर ६४ सारख्या घरगुती कॉम्प्युटरवरच खेळणार. दोनच वर्षांनी निन्टेन्डोनं आपलं यंत्र अमेरिकेत आणलं आणि सगळ्यांना तोंडावर पाडलं.

आपण ऐकतो ती आवई २००५ नंतरची. नोव्हेंबर २००५ मध्ये एक्सबॉक्स ३६० आला, वर्षभरानं पीएस३ (प्लेस्टेशन ३) आणि निन्टेन्डोचा वी आले. तोवर नेमबाजीचे गेम म्हणजे कीबोर्ड-माउस हे समीकरण पक्कं होतं. ते मोडायला सुरुवात केली 'हेलो'नं. हा गेम १९९९ मध्ये स्टीव्ह जॉब्जनी ॲपलच्या मॅक कॉम्प्युटरच्या मंचावर दाखवला होता. पुढच्या वर्षी मायक्रोसॉफ्टनं तो बनवणारी बंजी कंपनीच विकत घेतली आणि २००१ मध्ये 'हेलो' एक्सबॉक्सवर आला. पीसीवाल्यांना तो मिळाला २००३ मध्ये. ताटातला घास शेजारच्या ताटात गेला की जसं वाटतं, तसं वाटलं लोकांना.

पुढं जखमेवर मीठ पडत गेलं. 'क्रायसिस' नोव्हेंबर २००७ मध्ये फक्त पीसीसाठी आला, दिसायला असा की तेव्हाची निम्मी कार्डं गुडघे टेकायची. त्याच्या दहा लाखांवर प्रती खपल्या, तरी तो बनवणाऱ्या क्रायटेकच्या प्रमुखांनी २००८ मध्ये सांगून टाकलं की पायरसीमुळे यापुढं फक्त पीसीसाठी गेम करणार नाही. २००९ मध्ये 'मॉडर्न वॉरफेअर २' आला तेव्हा पीसीवाल्यांना आपापले सर्व्हर चालवायची सोय काढून घेतली होती. स्टीमवर लोकांनी बहिष्काराचा गट काढला. गेम आला त्या दिवशी त्याच गटातले बरेच सभासद तोच गेम खेळताना दिसले, त्याचं चित्र आजही फिरत असतं. बहिष्कार म्हटला की आपली पोरं आजही तेच करतात.

पण तेव्हाचे विक्रीचे आकडे तरी पडलेच होते ना?

पडले होते, कारण मोजणाराच चुकीच्या दारात उभा होता. अमेरिकेत तेव्हा जे आकडे छापून यायचे ते दुकानात खोका विकला गेला की नोंद होणारे. आणि पीसीचा माणूस नेमका त्याच वर्षांत दुकानात जायचा बंद झाला.

स्टीम सुरू झालं सप्टेंबर २००३ मध्ये. पुढच्या वर्षी नोव्हेंबरात 'हाफ-लाइफ २' आला आणि तो खेळायचा तर स्टीम टाकणं सक्तीचं होतं. लोकांनी शिव्या घातल्या, पण टाकलं. त्याच महिन्यात 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' आला, दरमहा पैसे भरून खेळायचा. २०१० पर्यंत त्याचे १ कोटी २० लाख वर्गणीदार झाले. 'लीग ऑफ लेजेंड्स' २००९ मध्ये फुकट वाटला गेला आणि आतल्या वस्तू विकून त्यानं पैसा केला. यातलं काहीच खोक्यांच्या हिशेबात धडपणे दिसत नव्हतं. गावातली किराणा दुकानं मोजायची, आठवडी बाजार सोडून द्यायचा आणि म्हणायचं की लोक कमी खायला लागलेत, त्यातला प्रकार.

आज पैशाच्या हिशेबात कोण पुढं आहे?

मोबाईल. जगभरच्या गेमच्या उत्पन्नातला साधारण निम्मा वाटा त्याचा आहे. उरलेल्या निम्म्यात कन्सोल थोडा पुढं, पीसी थोडा मागं. दोघं एकमेकांच्या कॉलरी धरून बसलेत आणि तिसरा जेवून हात धुऊन गेलाय.

मोठे गेम आधी कन्सोलवर का येतात? जीटीए ६ चं काय?

'जीटीए ६' (ग्रँड थेफ्ट ऑटो) रॉकस्टार कंपनीनं पीएस५ आणि एक्सबॉक्स सिरीजसाठीच जाहीर केलाय. पीसीचं नाव त्यात नाही. म्हणून घाबरून कन्सोल घेणारे तिघं तर माझ्याच ओळखीत आहेत.

पण रॉकस्टारचा हा रिवाज जुनाच आहे. 'जीटीए ५' सप्टेंबर २०१३ मध्ये कन्सोलवर आला, पीसीवर एप्रिल २०१५ मध्ये. 'रेड डेड रिडेम्प्शन २' पीसीवर वर्षभरानं आला. एवढंच कशाला, जीटीएचाच 'व्हाइस सिटी' सुद्धा ऑक्टोबर २००२ मध्ये आधी पीएस२ वर आला होता आणि पीसीवर पुढच्या मे महिन्यात. आपल्या पिढीनं तो कॉम्प्युटरवरच पाहिला, चीट कोड वहीच्या मागच्या पानावर लिहून पाहिला, म्हणून आपण तो कॉम्प्युटरचाच गेम समजत आलो. मधले महिने कधी गेले ते आपल्याला कळलंही नव्हतं.

उशीर का करतात? एक म्हणजे ठरावीक दोन-तीन यंत्रांवर गेम नीट चालवणं हजार तऱ्हेच्या पीसीवर चालवण्यापेक्षा सोपं. दुसरं, थांबवत नाही अशी मंडळी एकदा कन्सोलवर घेतात आणि पुन्हा पीसीवर घेतात. तुम्हाला थांबवत असेल तर थांबा. कंपनीच्या गल्ल्यासाठी घाई करू नका.

सोनीचे गेम पीसीवर यायला लागले, म्हणजे कन्सोलच हरला का?

हरला वगैरे काही नाही. पीएस५ आठ कोटींवर विकला गेलाय. पण भिंत पडली, हे खरं.

'होरायझन झीरो डॉन' ऑगस्ट २०२० मध्ये पीसीवर आला, 'गॉड ऑफ वॉर' जानेवारी २०२२ मध्ये. मोठा गेम करायला आता इतका पैसा आणि इतकी वर्षं लागतात की एकाच यंत्राच्या गिऱ्हाइकांकडून तो वसूल होणं कठीण. 'हेलडायव्हर्स २' तर फेब्रुवारी २०२४ मध्ये दोन्हीकडं एकाच दिवशी आला आणि बारा आठवड्यांत १ कोटी २० लाख प्रती खपल्या. मे महिन्यात सोनीनं पीसीवाल्यांना प्लेस्टेशनचं खातं उघडायची सक्ती करायचं ठरवलं, तेव्हा स्टीमवर वाईट शेऱ्यांचा असा पाऊस पडला की काही दिवसांत निर्णय मागं घ्यावा लागला. ज्या गिऱ्हाइकाला मेलेला म्हणत होते, त्यानं कान धरला.

मायक्रोसॉफ्टचं तर विचारूच नका. त्यांचे स्वतःचे गेम वर्षानुवर्षं एक्सबॉक्सबरोबर पीसीवर येतात, २०२४ पासून प्लेस्टेशनवरही जायला लागलेत. ज्या 'हेलो'पायी एवढं रामायण झालं, त्याचीही नवी आवृत्ती पीएस५ साठी जाहीर झाली. १९९९ मधल्या कुणाला हे सांगितलं असतं तर त्यानं वेड्यात काढलं असतं.

आतून दोन्ही सारखेच असतात म्हणतात. खरं का?

बरंच खरं. पीएस३ मध्ये सेल नावाचा वेगळ्याच जातीचा प्रोसेसर होता, प्रोग्रामरांनी त्याच्यापुढं हात टेकले होते. २०१३ मध्ये पीएस४ आणि एक्सबॉक्स वन आले ते सरळ एएमडी कंपनीचा पीसीच्या जातीचा प्रोसेसर घेऊन. पीएस५ मध्येही तेच घराणं: एएमडीचा झेन २, त्याच कंपनीचं ग्राफिक्स, १६ जीबी मेमरी आणि वेगवान एसएसडी. म्हणजे कन्सोल हा आता कुलूप लावलेला पीसी आहे. कुलपाचा फायदाही आहे: आत कुणाला हात घालता येत नाही, म्हणून आत काही बिघडवताही येत नाही.

पीसी एवढा महाग का झाला?

इथं मला जरा सविस्तर बोलू द्या.

२०१६ मध्ये एनव्हिडिया कंपनीचं जीटीएक्स १०६० हे ग्राफिक्स कार्ड अमेरिकेत २४९ डॉलरपासून मिळायचं. मधल्या वर्गाचं कार्ड, पण पुढची पाच-सहा वर्षं लोकांनी ते वापरलं. त्याच वर्षीचं वरच्या पायरीवरचं १०८० होतं ५९९ डॉलरला. २०२५ मध्ये आलेल्या आरटीएक्स ५०९० ची छापील किंमत १,९९९ डॉलर. आपल्याकडं त्यावर रुपयाची घसरण, कर आणि दलाली चढते, ते वेगळंच.

मधल्या काळात दोन टोळधाडी येऊन गेल्या. २०२०-२१ मध्ये चिपचा तुटवडा आणि इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग (ग्राफिक्स कार्डांवर गणितं सोडवून नाणी मिळवणं) एकदम आलं. कार्ड गेमवाल्यांना मिळेना, गोदामात रांगेनं लावून लोक त्यावर नाणी पाडत बसले. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमनं मायनिंगची पद्धतच बदलली आणि तीच कार्डं सेकंडहँड बाजारात आली. मी त्या वेळी भाच्यासाठी असंच एक घेतलं. विकणारा म्हणाला, "घरगुती वापर, रात्री तासभर." पंखे बदललेले दिसत होते, तरी मोहात पडलो. नवव्या आठवड्यात पडद्यावर हिरवे-जांभळे चौकोन नाचायला लागले, मग तेही बंद. विकणाऱ्याचा फोन तोवर 'अस्तित्वात नाही' झाला होता.

दुसरी धाड एआयची. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव असे भडकले की महिन्यापूर्वीचं कोटेशन दाखवलं तर दुकानदार हसायचा. मेमरी बनवणाऱ्या कंपन्यांना डेटा सेंटरवाले रोख गिऱ्हाईक मिळाले. मायक्रॉननं डिसेंबर २०२५ मध्ये क्रुशियल हा आपला घरगुती गिऱ्हाइकांचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. आमच्यासारख्यांनी वर्षानुवर्षं डोळे मिटून घेतलेली रॅम ती.

तरीही एक गोष्ट लक्षात ठेवा. स्टीम दर महिन्याला आपल्या गिऱ्हाइकांच्या यंत्रांची पाहणी छापतं. त्यात वरच्या जागांवर बहुतेक ६० आणि ५० या आकड्यांत संपणारी मधल्या वर्गाची कार्डं असतात आणि पडदा सगळ्यांत जास्त लोकांचा साधा १०८०पी (फुल एचडी). यूट्यूबवर काचेच्या कॅबिनेटमध्ये रंगीत दिवे लावून बसलेला माणूस म्हणजे पीसी गेमिंग नव्हे. तो लग्नातला नवरदेव झाला, वऱ्हाड साध्या कपड्यातच असतं.

म्हणजे कन्सोल स्वस्त पडतो?

यंत्र स्वस्त पडतं. पीएस५ फेब्रुवारी २०२१ मध्ये भारतात आला तो ४९,९९० रुपयांना, एक्सबॉक्स सिरीज एस त्याआधी ३४,९९० ला. त्या पैशात त्या ताकदीचा पीसी तेव्हाही जुळत नव्हता, आजही जुळत नाही. मुंबईत कॉम्प्युटरच्या सुट्या भागांच्या बाजारात, लॅमिंग्टन रोडला (पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग लिहिलंय, पण तसं कुणी म्हणत नाही) यादी घेऊन गेलात तर प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, ग्राफिक्स कार्ड, पॉवर सप्लाय, कॅबिनेट अशी नावं घेता घेताच आकडा पुढं निघून जातो. मॉनिटर आणि यूपीएस तर अजून यायचेच असतात. कन्सोलला घरातला टीव्ही चालतो.

कन्सोलवाले यंत्रावर फारसा नफा घेत नाहीत. त्यांच्या दुकानात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक गेममागं साधारण ३० टक्के ठेवतात, तिथं वसुली. पीएस५ चे सोनीचे मोठे गेम सुरुवातीपासून ४,९९९ रुपयांना लागले. शिवाय बहुतेक विकतचे गेम मित्रांबरोबर ऑनलाइन खेळायचे तर प्लेस्टेशन प्लसची वर्गणी. पीसीवर ऑनलाइन खेळायला अशी वर्गणी नाही, स्टीमनं २०१५ मध्ये रुपयात किमती लावल्या, उन्हाळी आणि हिवाळी सेलमध्ये जुने गेम मिसळपावच्या भावात मिळतात आणि एपिक या दुसऱ्या ऑनलाइन दुकानाचे लोक २०१८ पासून गेम फुकट वाटतायत. माझ्या खात्यात असे कितीतरी फुकटचे गेम आहेत जे मी उघडूनही पाहिलेले नाहीत.

डिस्कवाल्या कन्सोलचा एक फायदा मात्र पीसीकडं उरलेला नाही: गेम संपला की विकता येतो, मित्राला देता येतो. वर्षाला दोन-तीनच गेम खेळणाऱ्यानं हा हिशेब जरूर करावा.

आणि पूर्वी कन्सोल जुना झाला की स्वस्त व्हायचा. या वेळी उलटं झालं. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेत पीएस५ ५० डॉलरनी वाढला, एक्सबॉक्स त्याच वर्षात दोनदा वाढला. म्हणजे महागाई दोन्ही घरांत शिरलीय.

पायरसीनं पीसीची वाट लावली, हे कितपत खरं?

आपण यात साळसूद बनू नये. दोन हजारच्या दशकात महाराष्ट्रात ज्यानं पीसीवर गेम खेळला, त्यानं पहिला गेम प्लास्टिकच्या पातळ पिशवीतल्या, वर मार्करनं नाव लिहिलेल्या सीडीवरूनच टाकला. मीही त्यातलाच. आणि तेव्हा पीएस२ घेणारेही चोरीच्या डिस्क चालवणारी चिप बसवूनच घ्यायचे, तेव्हा पायरसी फक्त पीसीची म्हणणंही बरोबर नाही.

कंपन्यांनी उपाय केले ते रोगापेक्षा भयंकर. २००८ मध्ये 'स्पोर' तीन वेळाच इन्स्टॉल करता येईल असं कुलूप लावून आला. पैसे भरणाऱ्याला त्रास, चोराला काहीच नाही, कारण चोराच्या प्रतीत कुलूपच नव्हतं. स्टीमच्या गेब न्यूएल यांचं म्हणणं असं की पायरसी हा मुळात सेवेचा प्रश्न आहे, चोरापेक्षा चांगली सोय द्या, लोक पैसे देतील. मला स्वतःला हे पटायला रुपयातल्या किमती यायला लागल्या. क्रॅक शोधण्यात रात्र घालवायची आणि वर व्हायरस घ्यायचा, त्यापेक्षा तीनशे रुपये बरे.

आमच्या गावातले गेमिंग कॅफे बंद पडले. तो पुरावा नाही का?

पुरावा आहे, पण दुसऱ्याच गोष्टीचा.

आमच्याकडं एसटी स्टँडसमोर माडीवर एक कॅफे होता. आठ मशीन, फुगीर काचेचे मॉनिटर, एक टेबल फॅन, तोही मालकाकडं तोंड करून. शाळा सुटली की नेमबाजीचा 'काउंटर-स्ट्राइक १.६'. "डस्ट टू लाव रे" (त्यातला एक नकाशा) म्हणून कुणी ओरडलं की उरलेले सात जण टीम पाडून बसायचे. एकाचा माउस घासला गेला होता, त्यातल्या गोळीला धूळ चिकटलेली असायची, तो खुर्चीवाला कायम हरायचा आणि कायम तेच कारण सांगायचा. लोडशेडिंगची वेळ झाली की मालक दहा मिनिटं आधी बजावायचा, "आवरा रे, लाइट जाणारे." तरी लाइट जायच्या क्षणी कुणीतरी जिंकण्याच्या बेतात असायचाच.

ते कॅफे खाल्ले आधी घरच्या ब्रॉडबँडनं आणि मग खिशातल्या फोननं. २०१६ मध्ये जिओ आलं, मार्च २०१८ मध्ये मोबाईलवर पबजी आला. त्यात माडीवर येऊन तासाचे पैसे कोण मोजणार? त्या पोरांनी पीसी सोडून कन्सोल घेतला नाही. त्यांनी फोन घेतला. गंमत म्हणजे पबजी मुळात पीसीचाच. मार्च २०१७ मध्ये तो स्टीमवर आला आणि पुढच्या जानेवारीत एका वेळी ३२ लाखांवर लोक खेळत होते.

कॅफे टिकले कुठं ते बघा. दक्षिण कोरियात जपानी सांस्कृतिक मालावर दीर्घकाळ बंधनं होती, त्यामुळं कन्सोल फारसे रुजले नाहीत. १९९८ मध्ये 'स्टारक्राफ्ट' आला, ब्रॉडबँड आलं आणि पीसी बांग नावाचे कॅफे गल्लोगल्ली झाले. चीननं तर २००० मध्ये कन्सोलवर बंदीच घातली, ती उठायला २०१४-१५ उजाडलं. चौदा वर्षांत एक अख्खी पिढी पीसीवर वाढली. ऑगस्ट २०२४ मध्ये चिनी 'ब्लॅक मिथ: वुकाँग' आला तेव्हा स्टीमवर एका वेळी २४ लाख लोक त्यात होते, ते उगीच नाही.

आपल्याकडं आधी काय आलं, पीसी की कन्सोल?

कन्सोल! फक्त त्याला कुणी कन्सोल म्हणत नव्हतं. नव्वदच्या दशकात मीडिया, टर्मिनेटर अशा नावांची यंत्रं मिळायची, निन्टेन्डोच्या नकला. आम्ही त्याला 'टीव्ही गेम' म्हणायचो आणि कंट्रोलरला 'रिमोट'. कॅसेटवर '९९९९९९ इन १' लिहिलेलं असायचं आणि आत मारिओ, कॉन्ट्रा धरून वीसेक गेम, तेच फिरून फिरून. खऱ्या निन्टेन्डोचा स्विच हा कन्सोल मात्र भारतात अधिकृतपणे आलाच नाही. जून २०२५ मध्ये जगभर स्विच २ आला, आपल्याकडं तो कुणाच्या तरी बॅगेतूनच येतो.

यावरून आठवलं. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं 'राजी' केला, भारतीय पुराणकथांवरचा देखणा गेम. तो ऑगस्ट २०२० मध्ये पहिल्यांदा आला तो स्विचवर, म्हणजे पुण्याच्या दुकानात न मिळणाऱ्या यंत्रावर. पीसीवाल्या पुणेकरांनी ऑक्टोबरपर्यंत वाट पाहिली.

पीसीवर असं काय आहे जे कन्सोलवर कधीच येणार नाही?

कीबोर्ड-माउसवरचे डावपेचाचे गेम, शेकडो छोटे स्वस्त गेम, सगळं आहेच. पण मी एकच उदाहरण देईन: 'क्रिकेट ०७'.

ईए कंपनीनं हा गेम नोव्हेंबर २००६ मध्ये पीसी आणि पीएस२ वर आणला आणि नंतर क्रिकेटचा नादच सोडला. पीएस२ वरचा गेम तिथंच थिजला. पीसीवरचा मात्र पोरांनी उघडून बसवला. कुणी नवे संघ घातले, कुणी आयपीएलच्या जर्सी रंगवल्या, कुणी वानखेडे बांधलं, कुणी चेहरे चिकटवले. गेम बनला तेव्हा जे खेळाडू शाळेत होते, ते त्यात आज शतकं ठोकतात. शॉट तेच, कव्हर ड्राइव्हचा ठरलेला हुकमी फटका तोच, पण संघ यंदाचा. कंपनीला यातून दमडी मिळत नाही आणि तिनं कुणाला थांबवलेलंही नाही.

'काउंटर-स्ट्राइक' हा मुळात 'हाफ-लाइफ'चा असाच मॉड, म्हणजे खेळणाऱ्यांनी बदलून केलेला गेम होता. 'डोटा' 'वॉरक्राफ्ट ३' चा एक नकाशा होता. यंत्र उघडं असलं की असं होतं. कुलूपबंद यंत्रावर हे जवळजवळ होत नाही.

पीसीवर मोठे गेम धड चालत नाहीत, ही तक्रार खोटी आहे का?

अजिबात नाही. जून २०१५ मध्ये 'बॅटमॅन: अर्कम नाइट' पीसीवर इतक्या वाईट अवस्थेत आला की विक्रीच थांबवावी लागली. २०२३ मध्ये 'द लास्ट ऑफ अस'चीही पहिले काही आठवडे अवस्था वाईटच होती. कन्सोल साफ असतो असंही नाही: 'सायबरपंक २०७७' पीएस४ वर असा रखडत होता की सोनीनं डिसेंबर २०२० मध्ये तो दुकानातून काढला, तो सहा महिन्यांनी परत आला. फरक हा की स्टीमवर चौदा दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत मिळतात. प्लेस्टेशनच्या दुकानात एरवी डाउनलोड सुरू केलं की विषय संपला.

चीटिंग?

पीसीवर जास्त. उघड्या यंत्राची ती किंमत आहे. म्हणून 'व्हॅलोरंट'सारखे गेम विंडोजच्या अगदी आतल्या खोलीत पहारेकरी बसवतात आणि 'बॅटलफील्ड ६' सिक्युअर बूट ही सुरक्षेची सोय चालू केल्याशिवाय सुरूच होत नाही. बायोसमध्ये (विंडोजच्याही आधीच्या सेटिंगमध्ये) जाऊन ते चालू करून द्या म्हणून मला रात्री अकराला व्हिडिओ कॉल आलेले आहेत.

स्टीम डेक हा पीसी की कन्सोल?

हातात धरला तर कन्सोल, उघडला तर पीसी. फेब्रुवारी २०२२ मध्ये आला, आत विंडोजऐवजी लिनक्स आहे आणि प्रोटॉन नावाच्या दुभाष्यामुळं विंडोजचे बहुतेक गेम चालतात. भारतात अधिकृतपणे विकत नाहीत. ऑक्टोबर २०२५ मध्ये आसुसनं हातात धरायचा विंडोज पीसी आणला आणि त्यावर नाव एक्सबॉक्सचं. पुढच्याच महिन्यात स्टीमवाल्या व्हॉल्व कंपनीनं टीव्हीखाली ठेवायचा पीसी जाहीर केला, नाव स्टीम मशीन. याच नावाचा त्यांचा २०१५ चा प्रयोग सपशेल आपटला होता. या वेळी काय होतं ते किमतीवर आहे.

गेमिंग लॅपटॉप घेऊ का?

हॉस्टेलला जाणार असेल तर घ्या. घरातच ठेवणार असाल तर तेवढ्या पैशात जास्त ताकदीचा डेस्कटॉप येतो, आणि तो मांडी भाजत नाही.

पोरगं म्हणतंय पीसीच हवा, आम्हाला प्लेस्टेशन बरा वाटतो. काय करू?

आधी त्याला विचारा की मित्र काय खेळतात. चारही मित्र पीसीवर 'व्हॅलोरंट' खेळत असतील तर पीएस५ आणून तुम्ही त्याला गल्लीत एकटं पाडाल. फुटबॉलचा 'ईए एफसी' हॉलमध्ये बसून दोघं-चौघं खेळणारं घर असेल तर कन्सोलसारखं सुख नाही. बटण दाबलं की चालू, आजीलाही रिमोट धरता येतो.

"पीसीवर अभ्यास पण होईल" हे वाक्य पोरं तोंडपाठ करून येतात. मीही माझ्या वडिलांना हेच सांगितलं होतं. पण ते अर्धं खरं आहे. कोडिंग, व्हिडिओ एडिटिंग, ड्रॉइंग, ब्लेंडरवरचं थ्रीडी काम यातलं काही पोराच्या डोक्यात असेल तर कार्डाचे पैसे फुकट जात नाहीत. नसेल तर अभ्यासाला साधा लॅपटॉप आणि खेळायला सिरीज एस, एवढ्यात भागतं.

आणि पीसी घ्यायचाच ठरला तर पॉवर सप्लायवर काटकसर करू नका. दुकानदार तिथंच हजार रुपये वाचवून दाखवतो.

घरात दहा वर्षांपूर्वीचा पीसी पडून आहे. भंगारात देऊ?

थांबा जरा. हार्ड डिस्क असेल तर तिच्या जागी साधी एसएसडी टाका, प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट बदला, घड्याळ मागं पडत असेल तर मदरबोर्डवरचा गोल सेल बदला. विंडोज १० ची सेवा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली आणि जुन्या यंत्रावर ११ अधिकृतपणे बसत नाही, तेव्हा लिनक्स टाकून स्टीम चढवा. 'एज ऑफ एम्पायर्स २', 'स्टारड्यू व्हॅली', 'पोर्टल' आरामात चालतील. 'क्रिकेट ०७' थोडी खटपट केली तर चालेल.

फक्त कॅबिनेट हॉलमध्ये उघडू नका, गॅलरीत न्या. परवा एकाचा पीसी उघडला तर ग्राफिक्स कार्डाच्या पंख्यामागं पालीची दोन अंडी होती. वहिनींनी तो पीसी अजून घरात घेतलेला नाही.